डिकीतल्या सॉकेटवर बाबांचं मशीन रात्रभर चालेल का?

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलं आहे: डिसेंबरात दोन रात्री मंडलेश्वरच्या पुढे नर्मदाकाठी, नातलगांच्या शेतात तंबू ठोकून राहायचं आहे. शेतावर विजेचं कनेक्शन नाही. गाडी डिझेलची छोटी एसयूव्ही, पुढे एक आणि डिकीत एक असे दोन 12 व्होल्टचे सॉकेट. त्यावर दिवे, चार मोबाइल, चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणि वडिलांचं झोपेत लावायचं, हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन चालवता येईल का? एका अमेरिकन व्हिडिओत पिकअप गाडीच्या सॉकेटवर अख्खा स्वयंपाक करताना दाखवलं आहे, मग आपल्या गाडीत अडचण काय?

ताई, मी सत्तावीस वर्षं महू नाक्याजवळ गाड्यांचं वायरिंग करतो. तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर वेगळं आहे. दिवे आणि मोबाइल आरामात चालतील. किटली विसरा. आणि बाबांचं मशीन चालेल, पण गाडीच्या बॅटरीवर अजिबात नाही. त्याची वेगळी सोय करायची. ती कशी, ते सविस्तर सांगतो, कारण चूक झाली तर त्रास बाबांना होणार.

आधी त्या व्हिडिओबद्दल. अमेरिकेत फोर्डच्या एफ-150 पिकअपमध्ये 2021 च्या मॉडेलपासून कंपनीच मोठा इन्व्हर्टर बसवून देते. हायब्रिड मॉडेलमध्ये तो 7.2 किलोवॅटपर्यंत मिळतो. म्हणजे ती गाडी चाकांवरचं जनरेटरच झाली. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी सोय काही इलेक्ट्रिक गाड्यांत आहे. ह्युंदाईची आयोनिक 5 बाहेरच्या उपकरणांना 3.6 किलोवॅटपर्यंत वीज देते, टाटाच्या नेक्सॉन ईव्हीमध्येही 2023 च्या बदलानंतर अशी सोय आली. तिथे किटली काय, इंडक्शनही चालेल. तुमच्या डिझेल गाडीचा सॉकेट मात्र मुळात सिगारेट पेटवायच्या लायटरसाठी केलेल्या जागेचा वारसदार आहे. त्याचं झाकण उघडून आत पाहा, बहुतेक गाड्यांत ‘12V 120W’ किंवा ‘180W’ असं छापलेलं असतं. तीच तुमची मर्यादा.

हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. 120 वॉट भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर. सॉकेटच्या वाटेवर फ्यूज असतो, बहुतेक 10, 15 किंवा 20 अँपिअरचा. पानासारख्या चपट्या फ्यूजचा रंगच आकडा सांगतो: लाल 10, निळा 15, पिवळा 20. गाडीच्या मॅन्युअलमध्ये फ्यूजबॉक्सचा नकाशा असतो, त्यात ‘पॉवर आउटलेट’ शोधा. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कित्येक गाड्यांत पुढचा आणि डिकीतला सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. मग दोन सॉकेट म्हणजे दुप्पट वीज नव्हे, तीच वीज दोन तोंडांनी. एकाचे तीन करणारा स्प्लिटर लावला तरी तसंच.

फ्यूज उडतो म्हणून त्या जागी मोठा फ्यूज ठोकायचा नाही. फ्यूज वायरच्या जाडीवरून ठरवलेला असतो. 10 च्या जागी 20 टाकलात तर आता फ्यूजऐवजी वायर तापेल, आणि ती वायर डॅशबोर्डच्या मागे गालिच्याखालून जाते. चांदीचा कागद गुंडाळलेले फ्यूज मी आजही गाड्यांतून काढतो. प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

आता किटली. घरची किटली 1500 वॉटची. 12 व्होल्टवर इन्व्हर्टर लावून ती चालवायची म्हणजे इन्व्हर्टरमधली गळती धरून 140 अँपिअरच्या आसपास. सॉकेटची ताकद 10. बरं, मग बाजारात मिळणारी 12 व्होल्टची कार-किटली? ती 120-150 वॉटची असते, सॉकेटवर चालते. पण पाण्याला लागणारी उष्णता काही कमी होत नाही. अर्धा लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला न्यायला 120 वॉटवर, जराही उष्णता वाया गेली नाही तरी 23 मिनिटं लागतात. डिसेंबरात पहाटे नदीकाठच्या वाऱ्यात अर्ध्या तासाच्या पुढेच धरा. तीन कप चहासाठी बॅटरीतले पाच-सहा अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास) गेले, आणि एवढा वेळ प्लग पूर्ण भारावर तापत राहिला. छोटी गॅस शेगडी न्या, पाच मिनिटांत उकळी येते. जे काही तापवायचं, मग चहा असो, हीटर असो की केस वाळवायचं यंत्र, ते गाडीच्या विजेवर घ्यायचंच नाही. शेगडी मात्र तंबूच्या बाहेर.

प्लग तापण्याचं म्हणालो, ते नीट समजून घ्या. या सॉकेटची रचनाच थोडी कच्ची आहे. प्लगच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली एक टिकली असते, ती सॉकेटच्या तळाला टेकते. बाजूच्या दोन पत्र्या कडेला टेकतात. घरच्या तीन पिनांसारखी घट्ट पकड इथे नाही. गाडीच्या धक्क्यांनी प्लग केसभर मागे सरतो, टिकली अर्धवट टेकते आणि वीज त्या सुईएवढ्या जागेतून जाऊ लागते. तिथेच उष्णता. मागच्या हिवाळ्यात एक गाडी आली, तक्रार एवढीच की सॉकेट बंद पडला. झाकण उघडलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. प्लग ओढला तर टिकली आतच राहिली. भोवतीचं काळं प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं वितळून पुन्हा घट्ट झालं होतं. फ्यूज शाबूत होता, कारण करंट मर्यादेतच होता, फक्त जागा चुकीची तापली. म्हणून माझा नियम: काहीही लावलं की दहा मिनिटांनी प्लग बोटांनी धरून पाहायचा. पाच मोजेपर्यंत धरवत नसेल तर काढायचा. आणि तासन्‌तास चालणारी वस्तू 120 वॉटच्या सॉकेटवर 70-80 वॉटच्या वर लावायची नाही.

लांब वायरचंही तसंच. सॉकेटपासून तंबूपर्यंत पाच मीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. 1 चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरमधून 10 अँपिअर नेलेत तर 1.8 व्होल्ट वाटेतच जातात. 12.4 निघाले, तंबूत 10.6 पोचले. मशीन म्हणणार बॅटरी संपली, आणि तुम्ही म्हणणार गाडी तर चांगली आहे. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हेच नुकसान पाऊण व्होल्टवर येतं. सियागंजात वायर घेताना जाडी मागून घ्या, ‘मोठी द्या’ म्हणू नका.

आता मुख्य गोष्ट, रात्रीची बॅटरी.

गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे, आणि इंजिन सुरू झालं की डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर, ते भरून देणार. रात्रभर थोडं थोडं देत खाली उतरणं तिच्या पातळ प्लेटांना मानवत नाही. अशी चार-पाच वेळा पार रिकामी झाली तर तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. तुमच्या गाडीत समजा 65 अँपिअर-तासांची बॅटरी आहे. त्यातले निम्मे वापरले की सकाळच्या थंडीत डिझेल इंजिन उचलेल याची खात्री मी देणार नाही. डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त जोर लागतो, त्यात इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लगही वीज खातात.

हे मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी कुटुंबाला घेऊन मांडूला गेलो होतो. डिकीत थंड-गरम करणारी कूलरपेटी होती, दूध आणि मुलीचं औषध त्यात. त्या गाडीचा डिकीचा सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहायचा. पेटी रात्रभर लावून ठेवली. त्या पेट्यांत कॉम्प्रेसर नसतो, त्या न थांबता चार-साडेचार अँपिअर ओढत राहतात. दहा तासांत चाळीसच्या वर अँपिअर-तास गेले. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. मीटर लावला, 11.6 व्होल्ट. मुलगी तापात होती आणि आम्ही डोंगरावर अडकलो. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर जवळ आणला, जंपर केबल लावली आणि गाडी उठली. दिवसभर जी गोष्ट मी लोकांना सांगतो, ती एक रात्र पाळली नाही आणि पोरीचे हाल झाले. तेव्हापासून चालू इंजिनाशिवाय गाडीच्या बॅटरीवर मी रात्री एक दिवादेखील ठेवत नाही.

जंपर केबलचं निघालंच आहे म्हणून सांगतो, शेतावर तुम्हाला हीच मदत मिळेल. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर 12 व्होल्टचे, ते चालतात. मोठे ट्रक आणि बस 24 व्होल्टच्या असतात. त्यांच्यावरून जंप घेतला तर तुमच्या गाडीचे कंट्रोल युनिट एका क्षणात जाऊ शकतात. लावण्याआधी विचारायचं, किंवा बॅटऱ्या मोजायच्या: ट्रकवर दोन 12 च्या ओळीत जोडलेल्या दिसतील.

‘मग रात्री इंजिन चालू ठेवलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. गाडीत किंवा शेजारच्या तंबूत कुणी झोपलेलं असताना इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. त्यात शेतात वाळलेलं गवत, आणि सायलेन्सरचा तापलेला भाग त्याच्या वीतभर वर. शिवाय उभ्या इंजिनावर डायनॅमो पूर्ण जोराने चार्जही करत नाही.

आता बाबांचं मशीन. अ‍ॅडॅप्टरच्या मागचं लेबल वाचा. त्यावर ‘आउटपुट’ म्हणून 24 व्होल्ट किंवा 12 व्होल्ट लिहिलेलं असेल, पुढे 65, 80 किंवा 90 असे वॉट असतील. हे वॉट जास्तीत जास्त आहेत, सरासरी बरीच कमी असते. खरा खाणारा भाग म्हणजे पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी. हे दोन्ही बंद असले तर बऱ्याच मशीनचं काम 10-15 वॉटवर भागतं. चालू असले तर 40-60 वॉटपर्यंत जातं. आठ तासांचा हिशोब करा: पहिल्यात फार तर 120 वॉट-तास, दुसऱ्यात 320 ते 480. दोन रात्री ह्युमिडिफायर बंद ठेवला तर चालेल का, हे बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. नर्मदाकाठची हवा शहराइतकी कोरडी नसते, पण घसा बाबांचा आहे. तो निर्णय तुमचाही नाही, माझाही नाही.

यासाठी पॉवर स्टेशन म्हणून मिळणारी, आत मोठी बॅटरी असलेली पेटी घ्या किंवा भाड्याने मिळवा, 500 वॉट-तासांच्या आसपासची, आत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलची. 500 मधले हाती साधारण सव्वाचारशे लागतात, बाकी आतल्या सर्किटमध्ये जातात. ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीनचे 120, दिव्यांचे 25, चार मोबाइलचे गळती धरून 100, म्हणजे रात्रीचे अडीचशेच्या आत. पहिली रात्र निर्धास्त. दुसऱ्या रात्रीसाठी ती दिवसा भरायची, आणि इथे तुमचा डिकीतला सॉकेट खरा कामाला येतो. गाडी चालू असताना पेटी सॉकेटला लावली की साधारण 100 वॉटने भरते. घरून निघताना ती पूर्ण भरलेली नसेल तर महूवरून जाम घाट उतरून मंडलेश्वरला पोचेपर्यंतच दोन-अडीच तास होतात, दोनशेच्या वर वॉट-तास तिथेच आले. दुसऱ्या दिवशी महेश्वरचा घाट पाहायला जालच, तेव्हा पुन्हा लावा. जोडीला 100 वॉटचं घडीचं सोलर पॅनेल असेल तर निमाडच्या स्वच्छ उन्हात, दर दोन तासांनी सूर्याकडे वळवत राहिलात तर 300 वॉट-तास मिळतात. मोबाइल प्रवासातच यूएसबीवर भरून घ्या, पेटीवरचा तेवढा भार हलका.

दोन बारकावे सांगतो, यात लोक फसतात. पहिला: मशीन पेटीच्या 230 व्होल्टच्या प्लगला लावू नका. पेटीतला इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच दहा-एक वॉट खातो. बाबांचं मशीन बारा खाणार आणि त्याला वीज पुरवणारा दहा, म्हणजे रात्रभरात ऐंशी वॉट-तास हवेत गेले. मशीन बनवणारी कंपनी 12 व्होल्टवरून चालवायचा डीसी अ‍ॅडॅप्टर विकते, तोच घ्या, आणि पेटीच्या 12 व्होल्टच्या तोंडाला लावा. कुठलाही 24 व्होल्टचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका. कधी इन्व्हर्टरच वापरावा लागला तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा घ्या. स्वस्तातल्या मॉडिफाइड साइन वेव्हवर काही मशीन कुरकुरतात, ह्युमिडिफायर तर त्यावर लावूच नये.

दुसरा बारकावा त्याहून महत्त्वाचा. बऱ्याच पेट्यांत वीज वाचवायची एक सेटिंग असते. भार फार कमी दिसला की काही वेळाने पेटी तोंड आपोआप बंद करते. सीपॅपचा भार इतका कमी असतो की पेटीला वाटतं कुणी काही वापरतच नाही. रात्री दोनला मशीन बंद, पेटीत ऐंशी टक्के शिल्लक आणि बाबा दचकून उठलेले. ही सेटिंग पेटीवर किंवा तिच्या अ‍ॅपमध्ये ‘इको’ किंवा ‘ऑटो ऑफ’ नावाने असते. ती बंद करायची आणि खरंच बंद झाली का ते तपासायचं. मशीन थांबलं तर लगेच मास्क काढायचा, हे बाबांना आणि शेजारी झोपणाऱ्याला दोघांनाही सांगून ठेवा.

दरवर्षी जाणार असाल तर गाडीत कायमची दुसरी बॅटरी बसवता येते. पण ती थेट पहिल्या बॅटरीला समांतर जोडायची नाही. लिथियम बॅटरी रिकामी असताना इतका करंट ओढते की डायनॅमो तापून जातो. मध्ये करंटवर लगाम ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर फ्यूज. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसलेला असतो, तो बॅटरीतून किती गेलं-आलं मोजतो. जास्तीची निगेटिव्ह वायर त्या टर्मिनलवर न बांधता बॉडीच्या अर्थिंगला बांधावी लागते, नाहीतर सेन्सरला तो भार दिसतच नाही आणि गाडी चार्जिंगचा चुकीचा अंदाज बांधते. ही कामं रस्त्याकडेला उभ्या-उभ्या करून घेऊ नका. मूळ वायरिंग सोलून जोड दिलेला आढळला तर वॉरंटीवरही पाणी पडतं.

तुमचा सॉकेट किल्ली काढल्यावर चालू राहतो की बंद होतो, ते आधी बघा. दिवा असलेला मोबाइल चार्जर लावा, गाडी बंद करून कुलूप लावा आणि अर्ध्या तासाने काचेतून डोकावा. काही गाड्या लगेच बंद करत नाहीत, थोड्या वेळाने करतात, म्हणून अर्धा तास. चालूच राहत असेल तर शेतावर रात्री डिकीतून सगळं काढून ठेवायचं, अगदी रिकामा चार्जरसुद्धा. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो घ्या. इंजिन बंद असताना 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, आणि तिथे थांबायचं. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला तो आकडा मुद्दाम खाली आणतात, त्याने घाबरू नका.

आणि निघायच्या आधीच्या शनिवारी घरीच एक रात्र तालीम करा. पेटी शंभर टक्के भरा, बाबांचं मशीन त्यांच्या नेहमीच्या सेटिंगवर डीसी अ‍ॅडॅप्टरने तिला लावा, ह्युमिडिफायर डॉक्टर म्हणतील तसा. झोपताना वेळ आणि टक्के कागदावर लिहा, सकाळी पोहे-जिलबीच्या आधी पुन्हा लिहा. साठच्या वर शिल्लक असेल तर याच सोयीवर दोन रात्री निघतील. चाळीस ते साठच्या मध्ये असेल तर सोलर पॅनेल किंवा दिवसाची गाडीची फेरी चुकवू नका. चाळीसच्या खाली गेली तर मोठी पेटी घ्या, किंवा बाबांची झोपायची व्यवस्था मंडलेश्वरात वीज असलेल्या खोलीत करा आणि दिवसा त्यांना शेतावर आणा. दोन्ही आकडे आणि अ‍ॅडॅप्टरच्या लेबलचा फोटो पाठवलात तर कुठला 12 व्होल्टचा डीसी अ‍ॅडॅप्टर लागेल ते मी बघून सांगतो.